गेमिंग लॅपटॉपमध्ये ६४ जीबी रॅम टाकल्यावर खरंच फरक पडतो का, हे मोजायचं कसं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय७-१३६५०एचएक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, म्हणजे एकूण १६ जीबी. सायबरपंक २०७७ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ खेळता, शिवाय दाविंची रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ एडिट करता. दुकानदार म्हणतो ३२ जीबीच्या दोन स्टिक टाका, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) दुप्पट होतील. मित्र म्हणतो गेममध्ये काडीचाही फरक पडणार नाही. रॅम घेतलीच, तर बदलून मिळण्याच्या मुदतीत ती नीट चालते की नाही आणि पैसे वसूल झाले की नाही, हे कसं तपासायचं, असं तुम्ही विचारलंय.

दुकानदाराचं म्हणणं चूकच आहे. मित्राचं म्हणणं तुमच्या वापरावर अवलंबून आहे आणि ते रॅम विकत घेण्याआधीच मोजता येतं. मी नागपुरात वीस वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं आणि अपग्रेडचं काम करतो. रॅम बदलून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांकडे ‘आधी’चं एकही रीडिंग नसतं. मग नंतर ‘स्मूथ वाटतंय’ यापलीकडे कुणाला काही सांगता येत नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही की रॅमची ऑर्डर द्यायच्या आधी दोन संध्याकाळी मोजमापासाठी काढा.

सर्वात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. रॅमची क्षमता वेगळी आणि रॅमचा वेग वेगळा. क्षमता म्हणजे गोदाम किती मोठं, वेग म्हणजे गोदामाच्या दारातून माल किती भराभर ये-जा करतो. गोदाम भरून माल बाहेर रस्त्यावर ठेवावा लागत असेल तरच मोठं गोदाम घेऊन उपयोग. लॅपटॉपच्या बाबतीत हा रस्ता म्हणजे एसएसडीवरची पेज फाइल. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिथे माल टाकतं, आणि परत आणताना गेम क्षणभर अडखळतो. तुमचा गेम अशा कारणानं अडखळत असेल तर ६४ जीबीनं तो मोकळा होईल. नसेल तर ४८ जीबी नुसती रिकामी पडून राहील.

आता ‘आधी’चं मोजमाप. लॅपटॉपचा पंखा साफ करायचा असेल, थर्मल पेस्ट बदलायची असेल, तर ते आजच उरकून घ्या आणि मगच पहिलं रीडिंग घ्या. हे मुद्दाम सांगतोय. रॅम टाकताना मागचं कव्हर उघडतंच, तर हातासरशी पंखाही साफ होतो. मग प्रोसेसर थंड राहिल्यामुळे वाढलेले एफपीएस रॅमच्या खात्यात जमा होतात. माझ्या टेबलावर हे इतक्या वेळा झालंय की आता मी साफसफाई आणि रॅम ही दोन कामं एका दिवशी करतच नाही.

त्याच कारणासाठी ग्राफिक्स ड्रायव्हर, विंडोज अपडेट आणि गेमचे अपडेट मोजमाप पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवा. चार्जर लावलेला हवा, परफॉर्मन्स मोड दोन्ही वेळा तोच हवा, आणि डिस्प्ले थेट ग्राफिक्स कार्डावर चालवायची सोय असेल तर तीही दोन्ही वेळा सारखीच ठेवा. खोलीचं तापमानही सारखं ठेवायचा प्रयत्न करा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात. दुपारचं एक रीडिंग आणि रात्री कूलरपुढचं दुसरं अशी तुलना केली, तर तुम्ही रॅम मोजत नसता, हवामान मोजत असता.

साधनं सगळी फुकट मिळतात. फ्रेम मोजायला कॅपफ्रेमएक्स, सेन्सरांची नोंद ठेवायला एचडब्ल्यूइन्फो, रॅमची ओळख पटवायला सीपीयू-झेड. टास्क मॅनेजर तर विंडोजमध्ये आहेच.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे ‘इन यूज’चा आकडा सगळे बघतात, पण जास्त बोलका आकडा ‘कमिटेड’चा. तो ‘१९.४/२३.९ जीबी’ अशा जोडीनं दिसतो. डावीकडचा आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजनं कबूल केलेली मेमरी, आणि उजवीकडचा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. गेम सुरू असताना डावीकडचा आकडा १६च्या बराच पुढे जात असेल तर रॅमवर ताण असण्याची शक्यता आहे. नुसती शक्यताच म्हणतोय, कारण काही गेम मेमरी मागून ठेवतात आणि वापरत नाहीत. खातरजमा करायला रिसोर्स मॉनिटर उघडा आणि मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे रॅममध्ये नसलेली माहिती एसएसडीवरून किती वेळा आणावी लागली याचा, आलेख बघा. गेम लोड होताना तो उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण खेळता खेळता, गाडी वळवताना किंवा विमान उतरवताना, ज्या क्षणी चित्र अडखळलं नेमक्या त्याच क्षणी तो उसळत असेल, तर रॅम कमी पडते आहे.

पुढे ६४ जीबी टाकल्यावर ‘इन यूज’ आपोआप वाढलेलं दिसेल. ते पाहून ‘बघा, गेमला लागतच होती’ असा निष्कर्ष काढू नका. जागा असली की विंडोज आणि गेम दोघेही पसरून बसतात.

आता फ्रेम. सरासरी एफपीएस हा या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आकडा आहे. मिनिटभरात तीन वेळा गेम अर्धा सेकंद गोठला तरी सरासरी जेमतेम हलते, पण खेळणाऱ्याचा विरस तिथेच होतो. कॅपफ्रेमएक्समध्ये ‘१ टक्का लो’ बघा, म्हणजे सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा हिशेब, आणि फ्रेमटाइमचा आलेख बघा. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात यायला हवी. आलेखात सपाट ओळीतून मध्येच १०० किंवा २०० मिलिसेकंदांचा सुळका वर आलेला दिसला, तर तीच ती अडखळ. अपग्रेडनंतर असे सुळके किती कमी झाले, हे तुम्हाला मोजायचंय.

सायबरपंकमध्ये आतच बेंचमार्क आहे. तो चालवा, पण त्यावर विसंबू नका. तो छोटा आहे, ठरलेल्या रस्त्यानं जातो आणि गेम नुकताच उघडल्यावर चालवला तर रॅम भरायच्या आतच संपतो. मी असं करतो: एक सेव्ह फाइल ठरवतो, अर्धा तास खेळून रॅम ‘मुरवून’ घेतो, मग गर्दीच्या भागातून त्याच रस्त्यानं गाडी पळवतो आणि तीन मिनिटं रेकॉर्ड करतो. असं तीनदा. त्यापूर्वी एक फेरी सोडून देतो, कारण पहिल्या फेरीत शेडर (चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्डाचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात आणि ती नेहमी खराब येते. तुम्ही एडिट करताना मागे ब्राउझरचे वीस टॅब आणि डिस्कॉर्ड उघडं ठेवत असाल, तर मोजतानाही तसंच ठेवा. तुमच्या रोजच्या वापराला रॅम पुरते का, हे कळायला हवं.

फ्लाइट सिम्युलेटरचं प्रकरण वेगळं. २०२४च्या आवृत्तीसाठी कंपनीनं किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ जीबी रॅम सांगितली आहे. तुमच्या यादीत खऱ्या अर्थानं ६४ जीबी मागणारा गेम हाच. पण तो भूभागाची माहिती खेळता खेळता इंटरनेटवरून ओढतो, त्यामुळे नेट मंदावलं तरी चित्र अडखळतं आणि दोष रॅमला जातो. मोजताना एकच विमानतळ, एकच विमान, हाताने ठरवलेलं हवामान आणि दिवसाची तीच वेळ घ्या. मुंबईवर उतरण्याचा मार्ग त्यासाठी चांगला, कारण दाट वस्ती आहे आणि लोड भरपूर पडतो. आणि घरात दुसरं कुणी सिनेमा बघत नसेल अशा वेळी मोजा.

तीन रीडिंगमध्ये आपसात किती फरक पडतो ते लिहून ठेवा. समजा एकाच रॅमवर तीन फेऱ्यांत १ टक्का लोचे आकडे ५२, ५४ आणि ५५ आले, तर दोन-तीन एफपीएसची चढउतार ही तुमच्या मोजमापातलीच आहे. उद्या नव्या रॅमवर ५६ आले तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

आता जरा खोलात जातो, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा इथे आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो.

तुमच्या ८ जीबीच्या स्टिकच्या लेबलवर बहुधा ‘१आरx१६’ असं छापलेलं असेल. स्टिक हातात घेतलीत तर तिच्यावर चारच काळ्या चिप दिसतील. १६ जीबीच्या स्टिकवर बहुधा ‘१आरx८’ असतं आणि चिप आठ असतात. ३२ जीबीची स्टिक सहसा ‘२आरx८’ असते, दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप. हा फरक फक्त साठ्याचा नाही. चार चिपवाल्या रचनेत बँक ग्रुप निम्मे असतात. म्हणजे गोदामात शिरायच्या खिडक्याच निम्म्या. प्रोसेसरला एका खिडकीवर थांबावं लागलं तर दुसरीकडे वळायला जागा कमी. सोळा चिपवाल्या स्टिकमध्ये दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचे दोन गट, असल्यामुळे एका रँकचं काम चालू असताना दुसऱ्याला कामाला लावता येतं. त्यामुळे ८च्या दोन काढून ३२च्या दोन टाकल्या की मेगाट्रान्सफरचा, म्हणजे रॅमच्या वेगाचा, आकडा तोच राहूनही प्रोसेसरवर अवलंबून असणाऱ्या गेममध्ये थोडा फरक दिसू शकतो. हा फायदा ६४ जीबीचा नसतो, चांगल्या रचनेचा असतो. त्याचा बराचसा भाग १६च्या दोन स्टिकमध्ये, म्हणजे ३२ जीबीतही मिळतो, आणि तोही पुष्कळ कमी पैशात.

मग यातला क्षमतेचा वाटा किती आणि रचनेचा किती, हे वेगळं करायचं कसं? विंडोजमध्येच सोय आहे. ६४ जीबी बसवल्यावर ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, ‘बूट’मध्ये जा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण करून आकडा मर्यादित करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. आता रॅम नवी, रचना नवी, पण विंडोजला वापरायला जुन्याइतकीच मिळते. १६३८४ एमबी लिहिलं तर प्रत्यक्षात त्याहून कमी दिसेल, कारण पत्त्यांचा काही भाग हार्डवेअरसाठी राखलेला असतो. टास्क मॅनेजर बघत आकडा थोडा थोडा वाढवा आणि १६च्या आसपास जुळवा. मग तेच गेम, त्याच फेऱ्या. नंतर मर्यादा ३२ला नेऊन पुन्हा.

हे केलंत की हाताशी चार आकडे येतात: जुन्या स्टिकवर १६, नव्या स्टिकवर १६, नव्यावर ३२ आणि नव्यावर पूर्ण ६४. पहिल्या दोघांतला फरक रचनेचा. १६ ते ३२ आणि ३२ ते ६४ हा फरक निव्वळ क्षमतेचा. ३२ आणि ६४मध्ये काहीच फरक नसेल आणि बदलून घ्यायची मुदत शिल्लक असेल, तर ३२ घेऊन उरलेले पैसे मोठ्या एसएसडीत घाला. माझ्याकडे आलेल्या गेम खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी शेवटी हाच सल्ला दिलाय.

एक सावधगिरी: असे बूटचे किंवा बायोसचे (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, हार्डवेअर जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचे) बदल केल्यावर विंडोज ११ कधी कधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून आधीच काढून कागदावर लिहून ठेवा. काम झाल्यावर ‘मॅक्झिमम मेमरी’वरची खूण काढायला विसरू नका. ६४ जीबी टाकून वर्षभर १६वरच चालवलेला एक लॅपटॉप मी स्वतः उघडलाय.

वेगाबद्दल. तुमच्या प्रोसेसरला इंटेलनं डीडीआर५-४८००चा आधार दिला आहे. बाजारात ५६००च्या स्टिक मिळतील. त्या घ्यायला हरकत नाही, पण तुमच्या लॅपटॉपमध्ये त्या बहुधा ४८००वरच चालतील. ते पाहून ‘दुकानदारानं फसवलं’ म्हणू नका. आणखी एक नेहमीचा गोंधळ असा की सीपीयू-झेडमध्ये ‘डीरॅम फ्रिक्वेन्सी’ २४०० मेगाहर्ट्झच्या जवळ दिसते. ते बरोबर आहे. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा देवाणघेवाण, म्हणून दुप्पट करून ४८०० धरायचं.

शिवाय ५६०० आणि ४८०० यांतला फरक आकड्यावरून वाटतो तितका नसतो. लॅपटॉपच्या साध्या ५६०० स्टिकची सीएल (मागणीनंतर माहिती मिळायला लागणारे ठोके) ४६ असते, ४८००ची ४०. सीएलला २०००ने गुणून वेगानं भागलं की नॅनोसेकंद मिळतात. पहिली १६.४, दुसरी १६.७. म्हणजे पहिला प्रतिसाद यायला दोन्हींना जवळपास सारखाच वेळ. जुनी डीडीआर४-३२०० सीएल २२ तर १३.७५ नॅनोसेकंदात उत्तर देते. डीडीआर५चा फायदा रुंदीत आहे. दोन स्टिक मिळून ४८००ला कागदावर ७६.८ जीबी प्रति सेकंद आणि ५६००ला ८९.६. डीडीआर४-३२००ला ५१.२. आयडा६४सारख्या साधनानं वाचनाचा वेग मोजलात तर कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच येईल, ते ठीक. पण ७६.८ऐवजी निम्म्याच्याही खाली आला तर समजा की एकच स्टिक काम करतेय.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगतो. एक मुलगा तक्रार घेऊन आला, नवी रॅम टाकल्यापासून गेम आधीपेक्षा मंद झालाय. स्वतःच घरी बसवली होती. सीपीयू-झेड उघडलं तर चॅनेलसमोर ‘२ x ३२-बिट’. डीडीआर५च्या एका स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन उपमार्ग असतात, म्हणून दोन्ही स्टिक चालू असतील तर तिथे ‘४ x ३२-बिट’ दिसायला हवं. कव्हर उघडलं. दुसऱ्या स्लॉटमधली स्टिक वरून अगदी नीट बसलेली दिसत होती, दोन्ही बाजूंचे क्लिपही लागलेले. पण टेबलावरचा दिवा तिरपा करून पाहिलं तर स्लॉटच्या कडेला सोनेरी पट्टीची केसाएवढी रेघ चमकत होती. क्लिप उघडले, स्टिक आपोआप तिरकी वर आली, तशीच तिरकी धरून दोन अंगठ्यांनी सारखा दाब देत आत सरकवली, तेव्हा ती सोनेरी रेघ पूर्ण गेली. मग खाली दाबली आणि दोन्ही क्लिप टक करून बसले. पुन्हा चालू केल्यावर ‘४ x ३२-बिट’. त्याचा गेम तिथेच टेबलावर सुरळीत झाला.

म्हणून बसवताना सोनेरी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत आत गेली का, हे दिव्यात बघा. त्याआधी लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि कव्हर उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळू काढा, वायर धरून ओढू नका.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळी राहील. घाबरू नका. डीडीआर५ नवी बसली की बायोस तिला ‘ट्रेनिंग’ देतं, म्हणजे प्रत्येक ओळीची वेळ जुळवून घेतं. ६४ जीबीला यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. या काळात पंखा फिरतो, दिवे लागतात, चित्र येत नाही. लोक धीर सोडून पॉवर बटण दाबून धरतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

चित्र आलं की लगेच गेम उघडू नका. आधी रॅम निर्दोष आहे का ते बघा. बिघडलेली रॅम वेगवान असली तरी तिचा उपयोग नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि झोपायला जा. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते आणि ६४ जीबीला त्यात रात्र जाते. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. एक चूक आली तरी स्टिक परत. दुकानदार ‘एखादी चालते’ म्हणाला तर ऐकू नका. ती एखादी चूक कधी गेम बंद पाडेल, कधी तुमच्या व्हिडिओच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये जाऊन बसेल. डीडीआर५मध्ये चिपच्या आत स्वतःची चूक-दुरुस्ती असते हे खरं, पण ती चिपपुरतीच. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर ही चाचणी टाळू नका.

मेमटेस्ट पास झाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असतं. खरा ताण पडतो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही तापून शेजारची रॅम शेकून निघते तेव्हा. म्हणून विंडोजमध्ये येऊन ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅमची मेमरी टेस्ट लावा आणि सोबत ग्राफिक्सवर लोड ठेवा, तासभर. या काळात एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक स्टिकचं तापमान दिसतं, कारण डीडीआर५च्या स्टिकवर स्वतःचा सेन्सर असतो. ८५ अंश ही लक्षात ठेवायची रेघ. त्याच्या वर गेलं की मेमरीला आपला साठा दुप्पट वेळा ताजा करावा लागतो. रिफ्रेशचं अंतर ३.९ मायक्रोसेकंदांवरून १.९५वर येतं. तेवढा वेळ ती वाचन-लेखनाला मिळत नाही आणि चुकांची शक्यताही वाढते. ३२ जीबीच्या स्टिकला दोन्ही बाजूंना चिप असल्यामुळे खालची बाजू बोर्डाकडे कोंडलेली राहते. विदर्भातल्या उन्हाळ्यात मी हे तापमान मुद्दाम दुपारी तपासतो. जास्त वाटलं तर लॅपटॉप मागून उचलून ठेवा, रॅमवरचं धातूचं झाकण काढलं असेल तर परत लावा. मूळ झाकणाखाली थर्मल पॅड होता आणि तो नव्या जाड स्टिकमुळे निघाला, असंही होतं. त्याच जाडीचा बघून लावा.

आता दोन गैरसमज, जे ६४ जीबीच्या विक्रीत हमखास वापरले जातात.

पहिला, ‘ग्राफिक्सची मेमरीसुद्धा वाढते’. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ ८वरून ३२ जीबी झालेली दिसेल, कारण विंडोज रॅमचा निम्मा भाग तिथे दाखवतं. पण तुमच्या आरटीएक्स ४०६०ची स्वतःची ८ जीबी मेमरी २५६ जीबी प्रति सेकंदानं चालते, आणि रॅमपर्यंत जायचा तिचा रस्ता पीसीआयई ४.० या जोडणीच्या आठ लेनचा, म्हणजे जेमतेम १६ जीबी प्रति सेकंदाचा. टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं, त्या ८ जीबीत मावत नसतील तर गेम अडखळणारच, मागे ६४ जीबी असो की १२८. अशा वेळी टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे. तुमच्या ‘आधी’च्या रीडिंगमध्ये ग्राफिक्स मेमरी ८च्या काठावर आहे का, हे आवर्जून बघा. अडखळ तिथून येत असेल तर रॅम घेऊन निराशाच होईल.

दुसरा, घरच्या लॅपटॉपवर मोठे एआय मॉडेल चालवायला ६४ किंवा ९६ जीबी. २४ गिगाबिटच्या चिप आल्यापासून ४८ जीबीची स्टिक मिळते, त्यामुळे दोन स्लॉटमध्ये ९६ बसतात, बायोसनं ओळखली तर. मोठं मॉडेल मावेलही. पण प्रत्येक शब्दखंड (टोकन, म्हणजे उत्तराचा एक छोटा तुकडा) काढताना जवळजवळ सगळं मॉडेल एकदा वाचावं लागतं. ४० जीबीचं मॉडेल आणि ७६.८ जीबी प्रति सेकंदाची वाट, म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला दोनपेक्षा कमी शब्दखंड. शिकण्यासाठी चालेल, रोजच्या कामाला नाही.

एडिटिंगबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. रिझॉल्व्हमध्ये, विशेषतः फ्यूजनच्या पानावर, चौकटी रॅममध्ये साठवून ठेवल्या जातात. तिथे १६ जीबीवर जो टाइमलाइन पुन्हा पुन्हा थांबतो तो ६४वर सलग चालू शकतो. त्याचीही चाचणी तशीच घ्या: एकच प्रोजेक्ट, कॅश साफ करून, एकदा प्लेबॅक आणि एकदा एक्स्पोर्ट, घड्याळ लावून. एक्स्पोर्टच्या वेळेत फरक दिसला नाही तरी काम करताना थांबणं कमी झालं का, ते नोंदवा. माझ्याकडे येणारे एडिटिंगवाले ६४ घेऊन खूश आहेत ते मुख्यतः यामुळे.

एक छोटी पण खर्चाची गोष्ट राहिली. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करण्याची सोय) चालू असेल तर विंडोज त्याची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के ठेवतं. ६४ जीबीला ती २५.६ जीबी होते. ५१२ जीबीच्या, आधीच गेमनी भरलेल्या एसएसडीवर ती जागा जाणवते. हायबरनेट वापरत नसाल तर बंद करा.

जुन्या स्टिक विकू नका. वॉरंटीत लॅपटॉप पाठवायची वेळ आली तर त्याच बसवून पाठवायच्या असतात. कव्हर उघडल्यानं वॉरंटी जाते का, हे तुमच्या कंपनीला आधी लेखी विचारून घ्या. नव्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढा आणि सीपीयू-झेडच्या ‘एसपीडी’ पानावरचा मॉडेल क्रमांक त्याच्याशी जुळतो का ते बघा. लेबल बदलून विकलेल्या स्टिक इथे पकडल्या जातात. दोन्ही स्टिक एकाच मॉडेलच्या, शक्यतो एकाच पाकिटातल्या घ्या. ३२ आणि १६ अशी जोडी लावली तर काही भाग दोन्ही वाटांनी आणि उरलेला एकाच वाटेनं चालतो, मग कुठल्याच रीडिंगचा अर्थ लागत नाही.

२०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढलेत, त्यामुळे यंदा हा निर्णय आधीपेक्षा जास्त जपून घ्यावा लागेल. तुमची यादी पाहून माझा अंदाज असा की सायबरपंकला ३२ पुरतील, आणि ६४चं समर्थन फ्लाइट सिम्युलेटर आणि रिझॉल्व्ह मिळून करतील. पण हा अंदाज आहे. या शनिवारी-रविवारी ‘आधी’च्या तीन-तीन फेऱ्या घ्या, कमिटेडचा सर्वात मोठा आकडा, हार्ड फॉल्ट्स आणि ग्राफिक्स मेमरी लिहून ठेवा आणि इथेच टाका. रॅम घेतलीत तर १६वर मर्यादा घालून घेतलेलं रीडिंगही द्या. तुमच्यासारखाच लॅपटॉप असलेले आणखी दोघं-तिघं हे उत्तर वाचत असतील, त्यांना तुमच्या आकड्यांचा माझ्या अंदाजापेक्षा जास्त उपयोग होईल.